उचल

परवाची गोष्ट. संध्याकाळी कांजूरमार्ग स्टेशनचा पूल उतरून मी पूर्वेला येत होतो. पायऱ्यांशी आमच्याच सोसायटीतला एक तरुण भेटला. इंजिनिअर आहे, चांगल्या नोकरीत आहे, पण जीव सगळा लिहिण्यात आणि छोट्या चित्रफिती करण्यात. बरोबर चालता चालता त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून?"

हा प्रश्न मला नवा नाही. ग्रंथालयांच्या व्याख्यानमालांत, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दाताच्या दवाखान्यात, माझं तोंड उघडं असताना, तो विचारला गेला आहे. माझं उत्तरही ठरलेलं असे: "बँकेच्या काउंटरवर." लोक हसत आणि प्रश्न मिटे. त्या दिवशीही मी तेच म्हटलं. मुलगा खूश झाला. "म्हणजे माझंही बरोबर आहे," म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढून त्यानं मला एक चित्रफीत दाखवली. पुलाच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणारी बाई. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता तिला डुलकी लागली आहे. मान हळूहळू खाली जाते, दचकून वर येते. मागे कसलंसं हळवं संगीत. हजारो लोकांनी ती पाहिली होती. "रोजच्या जगण्यातली कविता, काका!" तो म्हणाला.

चित्रफीत चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. मुलाला नजर आहे. पण मी विचारलं, "तिला माहीत आहे?" तो गोंधळला. "काय?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं आणि मला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं नव्हतं. ते नीट सांगावं म्हणून हा लेख.

कलावंताला रोजच्या जगातून प्रेरणा मिळते, हे आता कुणी नाकारत नाही. प्रतिभा म्हणजे आकाशातून उतरणारी वीज, हा समज माझ्या लहानपणी बराच प्रबळ होता. आज तो मागे पडला आहे आणि ते बरंच झालं. पण त्याच्या जागी दुसरा एक समज येऊन बसला आहे. रोजचं जग म्हणजे कच्चा माल, रस्त्यावर पडलेला, बिनमालकीचा. ज्याला दिसला त्यानं उचलावा. मला हा समज पहिल्यापेक्षा अधिक घातक वाटतो.

आमच्या कांजूरचंच उदाहरण घेऊ. पूर्वेला खाडीच्या बाजूला मिठागरं आहेत. बरीचशी आता बंद पडलेली. २०२० मध्ये मेट्रोची कारशेड आरेतून इथं आणायचं ठरलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा ही मिठागरं वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. त्याआधी गाडीच्या खिडकीतून ती लाखो माणसं रोज पाहत होती आणि कुणीच पाहत नव्हतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचं पाणी फुकट येतं, पण मीठ आपोआप येत नाही. पाणी आत घ्यावं लागतं, बांध घालून अडवावं लागतं, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हात आटवावं लागतं. दाट झालं की उथळ खणात खडे धरतात. मग भर उन्हात, खारानं चिरलेल्या पायांनी, माणसं ते ओढून त्याचे ढीग घालतात. पाऊस लवकर आला तर सगळं पुन्हा पाणी.

लेखनाचं असंच आहे. रोजचं जग हे भरतीचं पाणी आहे. ते सगळ्यांच्या दारात येतं. त्याचं मीठ होणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेळ, जागा आणि कष्ट लागतात. आणखी एक गोष्ट लागते, तिच्याकडे मी वळतोच आहे.

बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे मला कुठल्याही व्यवहारात पहिला प्रश्न पडतो तो हा, की पैसे कुणाचे? खात्यातून रक्कम दोन प्रकारे निघते. एक, स्वतःची ठेव. दुसरी, कर्जाची उचल. दिसायला नोटा सारख्याच. पण ठेव काढणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही आणि उचल घेणाऱ्याची सही दहा ठिकाणी घेतात.

साहित्यातही मला असे दोन प्रकार दिसतात. बहिणाबाई चौधरींनी स्वतःच्या ठेवीतून काढलं. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेली ही बाई. अक्षरओळख नाही. जातं, चूल, पेरणी, विहीर, पाखराचं घरटं, तरुण वयात आलेलं वैधव्य, हे सगळं तिचंच होतं. काम करताना ती ओव्या रचत गेली आणि मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी त्या टिपून घेतल्या. १९५१ साली ती गेली. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी छापून आली आणि महाराष्ट्र चकित झाला. ज्या बाईला आपली सही करता येत नव्हती तिच्या नावानं आज जळगावला विद्यापीठ आहे. नारायण सुर्व्यांचंही तसंच. गिरणी कामगारानं उचलून घरी नेलेलं हे मूल गिरणगावात वाढलं, पडेल ती कामं करत शिकलं आणि १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' घेऊन उभं राहिलं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ चं. इंग्रजांच्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात चोरीचा शिक्का मारला, त्यांतल्या एकाची ही आत्मकथा. हे सगळे आपलं स्वतःचं जगणं घेऊन आले. ते कुणाचे देणेकरी नव्हते. उलट समाजच त्यांचा देणेकरी होता.

आम्ही बाकीचे काउंटरच्या अलीकडचे. आम्ही जे लिहितो ते पलीकडच्या माणसांचं असतं. म्हणजे खरे उचल्ये आम्हीच.

त्यात कमीपणा नाही. उचल घेणंही चांगल्या रीतीनं करता येतं. इथून चार स्टेशनं पुढे ठाण्यात सुधीर पटवर्धन हे चित्रकार राहतात. पेशानं रेडिऑलॉजिस्ट. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात डॉक्टरकी केली. दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो बघायचे आणि मग त्याच लोकांना कॅनव्हासवर काढायचं: इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, रस्त्यावरचा कामगार, उपनगराच्या अर्धवट इमारती. त्यांच्या चित्रातला माणूस कधी बिचारा दिसत नाही. त्याच्या देहाला वजन असतं. तीस वर्षं एकाच गावात राहून तिथल्या माणसांना बघत राहिल्याशिवाय हे येत नाही. दोन स्टेशनं अलीकडे घाटकोपरला अतुल डोडिया. त्यांनी आपल्या बाजारातल्या दुकानांचं लोखंडी शटरच चित्रासाठी घेतलं. खाली ओढलं की एक चित्र, वर सरकवलं की आत दुसरं. आपण रोज रात्री ज्याचा खडखडाट ऐकून कूस बदलतो, ते शटर! अरुण कोलटकर काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये वर्षानुवर्षं एका खिडकीशी बसले आणि बाहेरच्या झाडूवाल्या, भिकारी, कुत्री, फुटपाथवर इडली खाणारी माणसं यांच्यावरच्या कविता त्यांच्या शेवटच्या दिवसांत, २००४ साली, पुस्तकरूपानं आल्या. या तिघांत समान काय? तिघंही एका जागी फार काळ थांबले. उचल घेण्याची ही पहिली अट.

पण नुसतं थांबून भागत नाही. १८८५ साली व्हॅन गॉगनं हॉलंडमधल्या न्यूनेन या खेड्यात बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं चित्र काढलं. त्याआधी त्यानं तिथल्या शेतकऱ्यांचे चेहरे एका हिवाळ्यात कितीतरी वेळा काढले होते. आपल्याला ते चित्र माहीत असतं. पुढचं फारसं माहीत नसतं. त्याच्यासाठी बसणारी एक मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली, गावानं बोट त्याच्याकडे दाखवलं, आणि धर्मगुरूनं गावकऱ्यांना त्याच्यापुढे बसायला मनाई केली. दोष त्याचा नव्हता, असं तो सांगत राहिला. पण ज्या घरात शिरून तुम्ही दिव्याखालची ताटली रंगवता, त्या घराचा दरवाजा बंदही होऊ शकतो, हे त्याला कळलं असेल.

मला ते कळलं १९९४ साली.

तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका शाखेत होतो. पितळी टोकनांचे आणि जाडजूड खतावण्यांचे शेवटचे दिवस. घरोघरी पोळ्या करणाऱ्या एक बाई आमच्याकडे दरमहा शंभर रुपयांची आरडी भरत. पाच वर्षांची मुदत. नवऱ्याला पत्ता नव्हता. पासबुक घरी सापडलं तर पैसे दुसऱ्या दिवशी गुत्त्यात जातील, म्हणून त्यांनी मला विनवलं आणि मी ते नियम मोडून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतलं. दुधाची रिकामी निळी पिशवी स्वच्छ धुऊन, तिच्यात पासबुक, आणि वरून मुलीच्या केसांची दोन लाल रबरं. दर महिन्याला त्या येत, पिशवी मागून घेत, रबरं काढत, शिक्का पाहत, पुन्हा रबरं लावत. आकडा मनाशी पुटपुटत आणि पिशवी परत देत.

मी त्यावर कथा लिहिली. दिवाळी अंकात आली. बाईंचं नाव बदललं, गाव बदललं, शाखा दादरला नेली. लोकांना कथा आवडली. पत्रं आली. त्या सगळ्या पत्रांत त्या निळ्या पिशवीचा उल्लेख होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस बाई आल्या. पैसे भरायला नाही, खातं मोडायला. ज्या घरी त्या पोळ्या लाटत, तिथल्या वहिनींनी वाचनालयातून दिवाळी अंक आणला होता. ओट्याशी उभं राहून त्यांनी आवडलेली कथा बाईंना वाचून दाखवली होती. कुणाची आहे हे वहिनींना ठाऊक नव्हतं. बाई पोळ्या लाटत ऐकत राहिल्या.

मी काहीतरी बोलायला लागलो. नाव कुठं आलं नाही, कुणाला कळणार नाही, वगैरे. बाई शांतपणे म्हणाल्या, "नाव बदललंत साहेब. पण पिशवी तीच ठेवलीत."

अडतीस हप्ते भरून झाले होते. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज कापलं गेलं. तो हिशोब मी माझ्या हातानं केला. बाईंचं नुकसान १२२ रुपये. कथेचं मानधन मला मिळालं होतं २०० रुपये. म्हणजे त्या व्यवहारात मी ७८ रुपये नफ्यात होतो. बँकेत लागलो त्या दिवशी मी निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. एखाद्या खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगितली असती तर नोकरी गेली असती. आख्ख्या बाईला मी छापून वाटलं, त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

बाई पुन्हा दिसल्या नाहीत. ते पैसे त्यांनी कुठं ठेवले असतील, हा विचार मला अजून येतो.

पुढे कथासंग्रह निघायचा होता. मी त्या कथेतली पिशवी काढून तिथं लोखंडी डबा घातला. कथा मेली. संपादक म्हणाले, "पिशवीत सगळा जीव होता, ती का काढलीत?" कारण सांगता येईना. मी कथाच संग्रहातून काढून घेतली. बरीच वर्षं मला वाटत राहिलं, की इथं दोनच वाटा आहेत. खरं लिहायचं तर माणूस दुखावतो आणि माणूस जपायचा तर कथा मरते.

आज तसं वाटत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ सालच्या नाटकाचं बीज कुठलं, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली. वाट दाखवता दाखवता त्यांच्या गप्पा कानावर पडल्या. बस, एवढंच. अशा मंडळ्या त्या काळी उपनगरांत पैशाला पासरी होत्या. पण त्यातून उभ्या राहिलेल्या बेणारेबाई त्या मंडळीतल्या कुणाच्या नव्हत्या. कानावर पडलं ते भरतीचं पाणी होतं, पुढचं सगळं तेंडुलकरांनी उन्हात उभं राहून आटवलं. मी काय केलं होतं? पाणीच बाटलीत भरून मीठ म्हणून विकलं होतं. ती पिशवी मला सुचली नव्हती, ती मला दिसली होती. आणि जी वस्तू नुसती दिसली, ती ज्याची असेल त्याचीच राहते. तिच्याइतकी खरी दुसरी वस्तू शोधणं हे माझं काम होतं. लोखंडी डबा हा शोध नव्हता, ती पळवाट होती. पिशवीत जीव होता, कारण त्या बाईंनी तिच्यात काळजी गुंडाळली होती. तशी काळजी दुसऱ्या कशात गुंडाळता येईल याचा मी विचारच केला नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. सगळ्यांना विचारून, सगळ्यांना जपून लिहायचं ठरवलं तर जयवंत दळवींचं 'चक्र' लिहिलं गेलं असतं का? भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' आला असता का? १९६५ साली त्या कादंबरीवर किती गहजब झाला! नाक्यावरच्या पोरांची परवानगी घेत बसले असते तर मराठी कादंबरी अजून माजघरातच राहिली असती. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहिणं सर्वांत जरूर आहे, ते सत्ताधीश आणि धनदांडगे तर परवानगी कधीच देणार नाहीत. हे सगळं मला मान्य आहे. मी परवान्याची भाषा करतच नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याचं लिहिताना विचारू नये. पण ज्याचं सगळं बळ एका लपवलेल्या पासबुकात आहे, त्याचं लिहिताना दोनदा थांबावं. दोन्ही माणसं सारखी धरणं हा न्याय नव्हे.

आणि परतफेड? ती पैशात होत नाही. पटवर्धनांनी २००८-०९ च्या सुमारास समकालीन चित्रकारांच्या चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शहरांत नेलं. जिथं गॅलऱ्या नाहीत तिथं. मला ती परतफेडीचीच एक रीत वाटते. ज्यांच्यावरून चित्र काढलं त्यांना ते बघायला मिळालं पाहिजे. माझी साधी कसोटी आहे: ज्याच्याकडून घेतलं, त्याच्यासमोर उभं राहून हे मोठ्यानं वाचता येईल का? ओट्याशी, तो पोळ्या लाटत असताना?

आता वाचकांपैकी कुणाच्या मनात आलं असेल, की मग आज एवढ्या मोठ्या खपाच्या दैनिकात त्याच बाईंची हकिकत पुन्हा का सांगितली? म्हणून सांगतो. ती दुधाची पिशवी नव्हती. लाल रबरंही नव्हती. काय होतं, ते मी सांगणार नाही. बाईंचं कामही वेगळं होतं आणि कथा त्यांच्या कानावर गेली ती जागाही. त्यांच्या तोंडी 'पिशवी' आहे तिथं त्यांनी दुसरा शब्द वापरला होता. हिशोब मात्र आकड्यासकट खरा आहे, तो माझा आहे म्हणून. बदललेली पिशवी तुम्हाला खरी वाटली असेल, तर तीस वर्षांनी का होईना, मला माझं काम जमलं असं म्हणेन. वाटली नसेल, तर अजून शिकायचं आहे.

हे सगळं मी त्या मुलाला एवढं लांबण लावून सांगितलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुलाशी गेलो, इतकंच. त्यानं उकिडवं बसून मोबाइल त्या भाजीवाल्या मावशींसमोर धरला. त्यांनी चित्रफीत पाहिली. मान खाली गेली, वर आली. पुन्हा लावायला सांगितली. मुलाच्या कपाळावर घाम होता.

"आधी सांगितलं असतंस तर पदर तरी नीट घेतला असता," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. पण हसल्याही नाहीत. जरा वेळानं म्हणाल्या, "काढून टाक ती."

त्यानं तिथंच, त्यांच्यासमोर काढून टाकली. मग आम्ही दोघं तसेच घुटमळत उभे राहिलो. मावशींनी मेथीवर पाणी शिंपडलं आणि वर बघून विचारलं, "आता काही घेणार, की नुसतं बघणार?"

आम्ही दोन जुड्या घेतल्या. सुटे पैसे माझ्याकडे होते, मुलाकडे नव्हते.